अल्पवयीन मुले, बंदुका व पालकांची कायदेशीर जबाबदारी

अल्पवयीन मुलाच्या हाती बंदूक पडून गुन्हा किंवा अपघात घडला, तर त्याबद्दल आई-वडील, पालक किंवा त्या शस्त्राचा परवानाधारक यांना कितपत जबाबदार धरता येते, हा फौजदारी कायदा, अपकृत्य कायदा आणि बालन्याय या तिन्ही शाखांमध्ये येणारा प्रश्न आहे. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९, शस्त्र नियम, २०१६, बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि भारतीय न्याय संहिता, २०२३ यांतील वेगवेगळ्या तरतुदी एकत्र वाचून पालकाची जबाबदारी ठरवावी लागते. मुलाच्या हाती जाणीवपूर्वक बंदूक देणे हा भारतात गुन्हा आहे. परंतु ती त्याच्या हाती लागेल अशा ठिकाणी राहू देणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. मोटार वाहनांच्या बाबतीत मात्र २०१९ पासून पालकाचा किंवा वाहनमालकाचा दोष कायद्यानेच गृहीत धरला जातो. या दोन भूमिकांमधील अंतर २०२४ मधील पुणे येथील मोटार अपघातानंतर महाराष्ट्रात झालेल्या चर्चेच्या संदर्भात विशेष लक्षणीय ठरते.

संकल्पना

बापाच्या गुन्ह्याबद्दल मुलाला किंवा मुलाच्या गुन्ह्याबद्दल बापाला शिक्षा करू नये, हे आधुनिक फौजदारी कायद्याचे मूलतत्त्व आहे. म्हणून ‘पालकांची जबाबदारी’ म्हणजे मुलाची शिक्षा पालकाने भोगणे असा अर्थ होत नाही. पालकाने स्वतः काय केले, किंवा करायला हवे असताना काय केले नाही, एवढ्यापुरतीच ही जबाबदारी मर्यादित असते. तिचे साधारणपणे तीन प्रकार पडतात. पालकाने स्वतः मुलाला धोकादायक वस्तू देणे हा पहिला. ती वस्तू मुलाच्या आवाक्यात राहू देणे हा दुसरा. मुलाच्या वागण्यात धोक्याची लक्षणे दिसत असूनही काहीच न करणे हा तिसरा. पहिल्या प्रकारात कायद्याचे उत्तर बहुतेक देशांत स्पष्ट आहे. वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांविषयी आहे.

मुलाची स्वतःची जबाबदारी

पालकाचा प्रश्न महत्त्वाचा ठरण्यामागे मुलाच्या स्वतःच्या जबाबदारीला असलेली वयाची मर्यादा हे मोठे कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार ७ वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. कलम २१ नुसार ७ ते १२ वर्षे वयोगटातील बालकाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता आलेली नसेल, तर त्यालाही दोषी धरता येत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ८२ व ८३ मध्ये हीच तत्त्वे होती.

१८ वर्षांखालील व्यक्ती गुन्ह्यात सापडल्यास तिला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हटले जाते आणि तिचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. १६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाने घोर गुन्हा केला असल्यास कलम १५ नुसार प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्याला सामोरे जावे लागेल की नाही, हे ठरवले जाते. इतर प्रकरणांत मंडळ कलम १८ खाली समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या ताब्यात देणे, किंवा कमाल ३ वर्षांसाठी विशेष गृहात ठेवणे असे आदेश देऊ शकते. याच कलमात मुलाच्या आई-वडिलांना दंड भरण्याचा आदेश देण्याचीही तरतूद आहे. मुलाला घरी सोडताना पालकांकडून बंधपत्र लिहून घेतले जाते. मात्र या तरतुदी मुलाच्या सुधारणेसाठी आहेत. पालकाचा अपराध ठरवणे हा त्यांचा हेतू नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९

शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ नुसार २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बंदूक किंवा दारूगोळा मिळवता, बाळगता वा जवळ घेऊन फिरता येत नाही. मूळ अधिनियमात ही मर्यादा १६ वर्षांची होती; १९८३ च्या दुरुस्तीने ती २१ करण्यात आली. म्हणजे बालन्याय कायद्याच्या दृष्टीने प्रौढ झालेला १९ वर्षांचा तरुण मत देऊ शकतो, वाहन चालवू शकतो, पण बंदुकीच्या बाबतीत तो अद्याप अपात्रच असतो. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी, विहित वय पूर्ण झाल्यावर आणि विहित अटींवर, या नियमाला अपवाद करण्यात आला आहे. महाराष्ट्रातील नेमबाजांचे कनिष्ठ गटातील प्रशिक्षण याच अपवादाच्या आधारे चालते.

अपात्र व्यक्तीला बंदूक विकणे किंवा तिच्याकडे हस्तांतरित करणे, हेही कलम ९ ने निषिद्ध केले आहे. यातील ‘हस्तांतरण’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. भाड्याने देणे, उसनी देणे, बक्षीस देणे आणि ताबा सोडणे या सर्वांचा तीत समावेश होतो. त्यामुळे वडिलांनी मुलाला ‘एकदा चालवून बघ’ म्हणून बंदूक दिली, तरी तो तांत्रिकदृष्ट्या या कलमाचा भंग ठरू शकतो. लग्नाच्या वरातीत अशा हौशीचे प्रकार वारंवार घडत असल्याने २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये वेगळे उपकलम घालण्यात आले. आनंदोत्सवात किंवा बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास त्यानुसार २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

बंदूक दिली नाही, पण कपाटात उघडी ठेवली, तर काय, याचे उत्तर मात्र आडवळणाने शोधावे लागते. परवान्याच्या अर्जात शस्त्र व दारूगोळा ठेवण्यासाठी सुरक्षित जागा आहे का, असा प्रश्न असतो. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळणी व साठवणीचे प्रशिक्षणही आणले. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कारावास, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि कलम १७ खाली परवाना निलंबित वा रद्द करता येतो. एखाद्या वर्गात गोळी चालून विद्यार्थी दगावला, तरी निष्काळजीपणे शस्त्र ठेवणाऱ्या परवानाधारकाविरुद्ध या अधिनियमाखाली निश्चितपणे लागू होणारी शिक्षा एवढीच आहे.

भारतीय न्याय संहितेतील निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याचे कलम १०६ आणि इतरांचा जीव धोक्यात घालण्याचे कलम १२५ यांचा आधार घेता येतो. परंतु तेथे कार्यकारणाचा अडसर उभा राहतो. मुंबईतील एका रंगकारखान्याला १९६० च्या दशकाच्या आरंभी लागलेल्या आगीत ७ कामगार मरण पावले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की मृत्यू हा आरोपीच्या निष्काळजी कृत्याचा थेट व निकटचा परिणाम असला पाहिजे. मधे दुसऱ्या कोणाची निष्काळजी कृती आली, तर केवळ दूरचे कारण पुरेसे होत नाही. कारखान्याच्या त्या आरोपीवरील मृत्यूस कारण झाल्याचा आरोप रद्द झाला; अग्नी हाताळण्यातील निष्काळजीपणाचा तेवढा कायम राहिला. बंदुकीच्या प्रकरणात कुलूप न लावणारा बाप आणि गोळी लागलेले मूल यांच्या मधे नेहमीच आणखी एक हात असतो, तो स्वतःच्या मुलाचा. तो हात ५ वर्षांच्या बालकाचा असला तर त्याला स्वतंत्र कर्ता मानायचे का, आणि १६ वर्षांच्या मुलाचा असला तर काय, याविषयी कायद्यात स्पष्टता नाही.

बालन्याय अधिनियमाचे कलम ७५ हे पालकांविरुद्ध वापरले जाणारे आणखी एक साधन आहे. बालक ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याने त्याची जाणूनबुजून हेळसांड केल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही, असे हे कलम सांगते. ते मुळात त्या बालकाच्या संरक्षणासाठी आहे. त्या बालकामुळे इजा झालेल्या तिसऱ्या व्यक्तीसाठी ते लिहिलेले नाही. तरीही दुसरे योग्य कलम हाताशी नसल्याने पोलीस त्याचा आधार घेतात.

भारतातील घटना

११ डिसेंबर २००७ रोजी हरियाणातील गुरगाव येथील एका खासगी शाळेत आठवीतील दोन विद्यार्थ्यांनी वर्गमित्रावर गोळ्या झाडल्या व त्यात त्याचा मृत्यू झाला. पिस्तूल त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांचे व परवान्याचे होते. वडिलांना शस्त्र अधिनियमाखाली अटक झाली. शाळेत विद्यार्थ्याने गोळीबार करणे ही ‘परदेशातली गोष्ट’ आहे, हा समज या घटनेने मोडला. २० जानेवारी २०१८ रोजी त्याच राज्यातील यमुनानगर येथे बारावीच्या विद्यार्थ्याने शाळेच्या मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडून तिची हत्या केली; तेव्हाही वापरलेले रिव्हॉल्व्हर वडिलांचे परवान्याचे होते. जून २०२२ मध्ये लखनौ येथे १६ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलाने आईला ठार केले. वडील सैन्यात असून नोकरीनिमित्त परराज्यात होते आणि शस्त्र घरी होते.

३१ जुलै २०२४ रोजी बिहारमधील सुपौल जिल्ह्यात सुमारे ५ वर्षांच्या बालकाने दप्तरातून शाळेत पिस्तूल आणले व तिसरीतल्या १० वर्षांच्या मुलाला गोळी मारली. गोळी हाताला लागल्याने तो बचावला. या प्रकरणात कायद्याच्या दृष्टीने बालकाने काही गुन्हाच केलेला नव्हता. जबाबदार कोण, हा प्रश्न केवळ प्रौढांपुरता उरला.

पहिल्या तीन घटनांमध्ये शस्त्र परवान्याचे होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. बेकायदा गावठी कट्टे ही वेगळी व मोठी समस्या आहे. तीत अल्पवयीन मुलाच्या हाती शस्त्र देणारा बहुधा टोळीतला प्रौढ असतो. अशा प्रौढांसाठी बालन्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्ये ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हेच कलम बालकांना भरती करणाऱ्या सशस्त्र गटांनाही लागू होते. गडचिरोली व गोंदिया या जिल्ह्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्राच्या शहरांत, विशेषतः पुण्यात, अल्पवयीन मुलांच्या टोळ्यांचे हत्यार बंदूक नसून बहुतेकदा कोयता हे असते. तो ऊसतोडीचा व शेतीचा असल्याने घरात किंवा बाजारात सहज मिळतो.

गोसीखुर्द परिसर व पीकसंरक्षणाच्या बंदुका

ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रश्न पिस्तुलापेक्षा ठासणीच्या बंदुकीशी अधिक निगडित आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची खास तरतूद आहे. ती अपुरी पडेल असे परवाना प्राधिकाऱ्याला वाटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना मिळू शकतो. अधिनियमाने शेतकऱ्याला दिलेली ही सवलत होय.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गोसीखुर्द हे या तरतुदीमागची परिस्थिती समजण्यासाठी उपयुक्त उदाहरण आहे. वैनगंगा नदीवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली आणि पुढे या प्रकल्पाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. इंदिरासागर या नावाने ओळखला जाणारा जलाशय, धानाची शेती आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे जंगल या परिसरात एकमेकांना लागून आहेत. पाणी आणि धान जेथे आहे तेथे रानडुकरे येतात, आणि त्यांच्या मागे वाघ-बिबटेही. धान भरण्याच्या दिवसांत शेतात रात्रीची जागल करावी लागते. जागलीला घरातला जो मोकळा असेल तो जातो आणि वयात येऊ लागलेली मुलेही सोबत असतात. जेथे पीकसंरक्षणाचा परवाना आहे, तेथे बंदूक घरातून शेतात आणि शेतातून घरात अशी फिरते. परवान्यावर नाव मात्र एकाचेच असते किंवा त्यात नमूद केलेल्या प्रौढांचे.

ठासणीच्या बंदुकीचा स्वभावच असा आहे, की ती एकदा भरली की रिकामी करणे कठीण असते. काडतूस काढून घ्यावे तसे यात काही काढता येत नाही. दारू, चिंध्या व छरे नळीत ठासलेले असतात आणि बार काढणे हाच ती रिकामी करण्याचा सोपा मार्ग असतो. त्यामुळे रात्री जनावर आले नाही तर बंदूक भरलेलीच घरी परतण्याचा धोका राहतो. केपाची टोपी काढून वेगळी ठेवणे आणि बंदूक व दारू वेगवेगळ्या कुलुपांत ठेवणे ही यावरची जुनी खबरदारी आहे. पण एका खोलीच्या घरात कुलपाचे कपाट कोठून आणायचे, हा प्रश्न परवान्याच्या अर्जातील ‘सुरक्षित जागा आहे काय’ या रकान्यात होय किंवा नाही लिहून सुटत नाही.

पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानडुकराला मारण्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते. मुलाने घरातली बंदूक नेऊन ससा, मोर किंवा डुक्कर मारले, तर शस्त्र व वन्यजीव अशा दोन्ही कायद्यांचा भंग होतो आणि बंदूक जप्त होऊन घराचा परवानाही धोक्यात येतो. रानडुकरांसाठी चाऱ्यात लपवून ठेवले जाणारे गावठी बॉम्ब हा तर पूर्णतः बेकायदा प्रकार आहे. ते उचलणाऱ्याला, मग ते जनावर असो की शाळकरी पोर, त्यांतला फरक कळत नाही.

छऱ्याच्या हवाई बंदुकीची गोष्ट निराळी आहे. २० जूलपर्यंतची शक्ती व ४.५ मिलिमीटरपर्यंतचा व्यास असलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. ती खेळणे समजून मुलांना घेऊन दिली जाते. डोळ्याला लागल्यास ती कायमचे अंधत्व आणू शकते, आणि अपकृत्य कायद्यातील पालकांच्या जबाबदारीचे जुने निकाल नेमके याच बंदुकीविषयी आहेत.

दिवाणी जबाबदारी

नुकसानभरपाईच्या दाव्यांत भारतीय न्यायालये सामान्यतः इंग्लिश अपकृत्य कायद्याची तत्त्वे मानतात. केवळ जन्मदाता आहे म्हणून बाप मुलाच्या अपकृत्याला जबाबदार नसतो. त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. विधी महाविद्यालयांत शिकवले जाणारे तीन निकाल या संदर्भात महत्त्वाचे आहेत. बीबी विरुद्ध सेल्स (१९१६) या खटल्यात वडिलांनी १५ वर्षांच्या मुलाला हवाई बंदूक दिली होती. तिच्याबद्दल शेजाऱ्याची तक्रार आल्यावर बंदूक मोडून टाकतो असे सांगूनही त्यांनी ती मुलाकडेच राहू दिली. पुढे दुसऱ्या मुलाचा डोळा जखमी झाला व वडील जबाबदार ठरले. डोनाल्डसन विरुद्ध मॅकनिव्हन (१९५२) मध्ये मात्र वडिलांनी बंदूक फक्त घराच्या तळघरात वापरण्याची सक्त ताकीद दिली होती. मुलाने ती मोडली. वाजवी काळजी घेतली होती म्हणून वडील सुटले. न्यूटन विरुद्ध एजर्ली (१९५९) मध्ये १२ वर्षांच्या मुलाला बंदूक शेताबाहेर न नेण्याची ताकीद होती. पण ती इतर मुलांसोबत असताना कशी हाताळावी हे शिकवलेच नव्हते. ताकीद पाळली जाईल यावर विसंबून शिकवण टाळली, हाच निष्काळजीपणा ठरला.

या तिन्ही निकालांतून दिसणारे सूत्र व्यावहारिक आहे. मुलाने ऐकले नाही एवढ्यावर बाप दोषी ठरत नाही, आणि ‘मी सांगितले होते’ एवढ्यावर सुटतही नाही.

भारतीय सर्वोच्च न्यायालयाने वाहनांच्या बाबतीत याहून कडक भूमिका घेतली आहे. २०११ मधील एका निकालात मालकाचे म्हणणे असे होते, की अल्पवयीन नातेवाइकाने मोटारसायकल आपल्याला न विचारता नेली. न्यायालयाने ते मान्य केले नाही. वाहनाचा गैरवापर होणार नाही हे पाहणे मालकाचेच काम होते, असे म्हणून भरपाईचा अंतिम भार त्याच्यावर टाकण्यात आला. किल्लीबाबत घेतलेली ही भूमिका बंदुकीच्या कपाटालाही लागू करावी, असा युक्तिवाद करता येतो.

मोटार वाहनांशी तुलना व पुण्यातील प्रकरण

मोटार वाहन (दुरुस्ती) अधिनियम, २०१९ ने आणलेले कलम १९९-अ हे पालकांच्या फौजदारी जबाबदारीचे भारतातील सर्वांत स्पष्ट कलम आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. मुलाने वाहन त्यांच्या संमतीनेच वापरले असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पूर्ण दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी आहे. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे १७ वर्षांच्या मुलाने भरधाव चालवलेल्या पोर्शे मोटारीच्या धडकेने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. मुलाने त्याआधी मद्यपान केल्याचे तपासात पुढे आले. बाल न्याय मंडळाने काही तासांतच ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यासह इतर अटींवर त्याला जामीन दिला आणि त्यावर देशभर संताप उसळला. २१ मे रोजी वडिलांना अटक झाली. त्यांच्यावर बालन्याय अधिनियमाचे कलम ७५ व बालकाला मद्य उपलब्ध करून देण्यासंबंधीचे कलम ७७ लावण्यात आले. नंतर मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आईला, तर चालकाला डांबून गुन्हा स्वतःवर घेण्यास भाग पाडल्याच्या आरोपावरून आजोबांनाही अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी मुलाला निरीक्षणगृहातून मुक्त करून आत्याच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. त्याला प्रौढ समजून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

या प्रकरणात बंदूक नव्हती. तरीही महाराष्ट्रात पालकांच्या जबाबदारीचा विचार त्याच्याशिवाय करता येत नाही, कारण अल्पवयीन मुलाच्या कृत्यानंतर घरातील तीन प्रौढांना अटक झाली आणि त्यांतल्या दोघांवरचे आरोप अपघातानंतरच्या वागण्याबद्दल होते. अपघातापूर्वीची जबाबदारी कोणत्या कलमात बसवायची, यावर कायदेतज्ज्ञांमध्ये मतभेद झाले. वाहनाच्या बाबतीत निदान कलम १९९-अ उपलब्ध होते. त्याच मुलाने घरातले पिस्तूल नेले असते, तर तसे कलम उपलब्ध नसते.

इतर देशांतील कायदे व खटले

अमेरिकेच्या अनेक राज्यांत मुलांच्या आवाक्यात बंदूक राहू देणे हाच गुन्हा ठरवणारे कायदे आहेत. असा पहिला कायदा १९८९ मध्ये फ्लोरिडा राज्याने केला. मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने ४ विद्यार्थ्यांना ठार केले. ते पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतले होते. घटनेच्या दिवशी सकाळी मुलाने काढलेले बंदुकीचे चित्र पाहून शाळेने आई-वडिलांना बोलावले होते. त्यांनी त्याला घरी नेले नाही आणि घरात पिस्तूल असल्याचेही सांगितले नाही. २०२४ मध्ये क्रंबली दांपत्य स्वतंत्र खटल्यांत सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले व दोघांना प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शाळेतील सामूहिक गोळीबाराबद्दल आई-वडिलांना मनुष्यवधाची शिक्षा होण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ होती. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सक्ती करणारा मिशिगनचा कायदा फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर दोन वर्षांनी, अमलात आला.

सर्बियातील बेलग्रेड येथे ३ मे २०२३ रोजी १३ वर्षांच्या मुलाने शाळेत १० जणांचा जीव घेतला. सर्बियात १४ वर्षांखालील मुलावर खटला चालत नाही. वडिलांच्या बंदुका घरातील तिजोरीत होत्या, पण मुलाला त्या काढता आल्या. शिवाय वडील त्याला नेमबाजीच्या केंद्रावर नेत असत. ३० डिसेंबर २०२४ रोजी खटला चालवणाऱ्या न्यायालयाने वडिलांना साडेचौदा वर्षांची व आईला ३ वर्षांची शिक्षा सुनावली. केवळ तिजोरी असणे पुरेसे नाही, हे या प्रकरणातून पुढे आले.

ब्रिटनने याहून साधा मार्ग पत्करला आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीच्या हाती आपली हवाई बंदूक पडू नये यासाठी वाजवी खबरदारी न घेणे, हाच तेथे २०११ पासून गुन्हा आहे. त्यासाठी कोणी जखमी व्हावे लागत नाही.

मतमतांतरे

पालकांना कठोर शिक्षा करण्यास विरोध करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा, की मुलाच्या मनातले सर्व काही आई-वडिलांना कळते हे गृहीतकच चुकीचे आहे. घडून गेल्यावर प्रत्येक लक्षण ठळक दिसते, आधी ते साधे रुसवेफुगवे वाटते. शिवाय अशा कायद्याचा भार गरिबांवर अधिक पडेल, अशीही भीती व्यक्त होते. पोर्शे प्रकरणातील कुटुंबाकडे वकिलांची फौज होती. जागलीची बंदूक कुडाच्या भिंतीला टेकवणाऱ्या शेतकऱ्याकडे ती नसते. हा आक्षेप पोकळ नाही. मात्र तो शिक्षेच्या प्रमाणाविषयी आहे, कर्तव्याच्या अस्तित्वाविषयी नाही. कुलुपाची सक्ती ही मुलाचे मन ओळखण्याची अपेक्षा करत नाही, आणि म्हणूनच ती तिसऱ्या प्रकारच्या जबाबदारीपेक्षा न्याय्य ठरते.

दुसरा मुद्दा अंमलबजावणीचा आहे. परवाना देताना पोलीस चौकशी होते आणि नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र दाखवावे लागते. पण मधल्या वर्षांत ते घरात कसे ठेवले आहे हे पाहण्याची नियमित व्यवस्था नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात प्रशासन अनेक परवानाधारकांकडून शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेते व मतमोजणीनंतर परत करते. ती परत करताना घरातील साठवणुकीची पाहणी किंवा पीकसंरक्षण परवानाधारकांना कुलपाची पेटी देणे, असे उपाय सध्याच्या नियमांच्या चौकटीतही शक्य आहेत. कलम १९९-अ सारखे कलम शस्त्र अधिनियमात आणायचे असेल, तर मात्र संसदेला त्या अधिनियमात दुरुस्ती करावी लागेल. २०१९ मध्ये मोटार वाहन अधिनियम आणि शस्त्र अधिनियम या दोहोंत एकाच वर्षी दुरुस्ती झाली. पालकाच्या किंवा मालकाच्या जबाबदारीचे कलम त्यांपैकी पहिल्यातच आले.